मानपत्रात न मावलेलं

समितीने सांगितलं, वीस ओळी, जास्त नको,
फ्रेम आधीच करून आणली आहे.
अक्षर बरं म्हणून दरवर्षी मलाच बोलावतात.
‘विदुषी’ लिहून झालं होतं. ‘सागरकन्या’ त्यांनी सुचवलं,
तेव्हा मी बोरू पुसून ठेवला.

कसली सागरकन्या!
भांडी बाजारातल्या तांबटांची कुमुद ती.
बाप गंगेच्या पाण्याचे गडू डाक लावून बंद करायचा,
यात्रेकरू ते आपापल्या गावी न्यायचे.
गडूतलं पाणी देव्हाऱ्यात थांबलं.
उरलेलं कुठं जातं, पोरीने विचारलं,
बाप ठोकता ठोकता म्हणाला, जातं खाली.

ती खाली गेली.
साडेचौदाशे किलोमीटर, जिथं आपली गोदावरी
गोडी सोडून खारी होते.

आमच्याकडे पूर मोजायला दुतोंड्या मारुती आहे.
कमरेला पाणी लागलं की दुकानं आवरायची,
गळ्याला लागलं की माणसं.
तिच्याकडे तिथं एक बांबू, रंगाच्या खुणा केलेला,
हातभर लाकडी चौकट,
आणि मांडीपर्यंत चिखल.
चौकटीत वर आलेली खारफुटीची श्वासमुळं मोजायची
भरती यायच्या आत.
अकरा वर्षं.
एका वर्षी चौकटीत मोजायला काही उरलंच नाही,
तर वहीत तिने शून्य लिहिलं,
शून्यापुढे तारीख, वेळ, वारा कुठला.

मग एका मार्चात ती आमच्या धरणावर आली.
मी तिथला मापक, गांगुर्डे.
‘काका, गाळ किती अडतो इथं?’
सव्वीस रजिस्टरं होती, दोनांना वाळवी.
तोवर ती कुणी मागितली नव्हती,
ऑडिटवाल्यांनीसुद्धा.
फरशीवर बसून तिने आठवडाभर आकडे उतरवले,
माझ्या डब्यातली ठेचा-भाकरी खाल्ली,
म्हणाली, झाडं तिकडं उपाशी आहेत, काका,
त्यांचं ताट तुमच्या दारांमागे अडलंय.

पुढं कुठल्याशा सुनावणीत तिला चार मिनिटं मिळाली.
समोर कोळंबीच्या तळ्यांचे मालक, त्यांचे तीन वकील.
तिने आवाज चढवला नाही म्हणे,
नुसते आकडे वाचले, शून्यासकट.
नियमात एक ओळ वाढली. एकच:
पुराच्या पाण्याबरोबर गाळही सोडावा.
समितीला ती ओळ रुक्ष वाटली.
मी लिहिली तरी. बाराव्या ओळीत आहे.

पण एक गोष्ट लिहिता आली नाही.
एकोणनव्वदच्या ऑगस्टात नऊ दिवस रकाना कोरा आहे.
शालन सिव्हिलमध्ये होती, पट्टी वाचायला कुणी नव्हतं.
परत आलो तर साहेब म्हणाले, भर अंदाजाने,
मागचे-पुढचे आकडे बघ नि भर.
मी भरलं नाही. मेमो मिळाला.
शालन तर आधीच गेली होती.

कुमुदने त्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं,
मी सांगितलं.
ती काही बोलली नाही, पान उलटलं.
दोन वर्षांनी तिचा निबंध छापून आला, इंग्रजीत.
नातवाने शेवटची बारीक टीप वाचून दाखवली:
या नऊ दिवसांची नोंद नाही.
आम्ही ते कोरेच ठेवले आहेत.

काल तिला शाल दिली, श्रीफळ दिलं.
तासभर भाषणं. माइक मधून मधून शिट्टी मारायचा.
ती खुर्चीत बसून एका पायाने दुसऱ्या पायाचा अंगठा चोळत होती,
कालवांनी कापलेली जुनी जागा असणार.
माझ्या वीस ओळी कुणीतरी मोठ्यानं वाचल्या, टाळ्या झाल्या.

सोळाव्या आणि सतराव्या ओळीमध्ये
मी जरा जागा सोडली होती.
समितीला वाटलं, म्हाताऱ्याचा अंदाज चुकला.
तिने फ्रेम हातात घेतली, चष्मा वर सरकवला,
आणि त्या जागेवर बोट ठेवलं.