साडेपाच फूट

"किती वर घ्यायचा, वहिनी?"
कानावरची पेन्सिल काढत दिलावर नदाफ विचारतो
आणि मला पटकन सांगता येत नाही.

मेन पाडलाय. फ्रीज गप्प.
खिडकीखाली, फरशीपासून वीतभर वर
जुना सॉकेट, पिवळा पडलेला.
ह्याच्यावर बावीस वर्षं माझ्या मशीनची मोटर चालली,
गल्लीतल्या निम्म्या ब्लाउजांना बाह्या लागल्या.

काकानगरात ज्याचा त्याचा आकडा आहे.
समोरच्या उपाध्यांनी सगळे बोर्ड सात फुटांवर नेले,
आता पंखा लावायला त्यांची सून स्टुलावर चढते.
तांबोळ्यांनी चार. "त्याच्याही वर आलं
तर बोर्डाचं काय घेऊन बसायचं," म्हणाले.
मागचे भाडेकरू अजून फुटावरच;
मालक पुण्याला असतो, त्याच्या स्वप्नात पाणी येत नाही.

आमच्याकडं चार फूट सात इंच होतं.
रंगाचे दोन हात दिले तरी रेघ वर येते,
बशीत वाळलेल्या चहाच्या कडेसारखी.
आयर्विनला किती, ते ऐकून अख्खं गाव ठरवतं
जेवायला बसायचं का भांडी माळ्यावर टाकायची;
पण पुलाचे फूट आणि घरातले फूट
एका टेपवर कधी बसत नाहीत.

"साडेपाच."
"साडेपाचच का?"
"माझ्या डोक्याच्या वर चार बोटं."
तो हसत नाही. टेप लावतो, खूण करतो.

कटर सुरू झाला. खालून वर झिरी उघडत गेली
आणि घरभर विटेची धूळ,
हळदीच्या गिरणीत उडते तशी, पण लाल.
कापडाच्या गठ्ठ्यावर, देवाच्या तसबिरीवर,
फॉल लावायला आलेल्या सोनवण्यांच्या शालूवर.
नेमका तोच झाकायचा राहिला.

डबा उघडला तर आत गाळ.
वरची प्लेट तेव्हाच बदललेली; आत कुणी बघितलं?
वाळून घट्ट, थापलेल्या वडीसारखा.
दिलावरनं स्क्रूड्रायव्हरनं टोकरला
तर एक शंख पडला, ज्वारीच्या दाण्याएवढा.
म्हणजे एवढे दिवस
मी रोज सकाळी नदीत पिन खुपसत होते.

लाल वायर कुठली, काळी कुठली,
सगळ्या एका चिखलाच्या.
हिरवी तर सापडलीच नाही.
"वहिनी, ह्याला अर्थच न्हाई."
"बावीस वर्षं अर्थाविनाच चाललं?"
"चालतंय की. झटका बसंस्तवर चालतंय."
आता मात्र तो हसला. मीही.

दुपारी नवा बोर्ड बसला, पांढरा, हिरवी वायर जोडलेला.
जुनं भोक सिमेंटनं बुजवलं.
मी मशीनपाशी बसले, पिन उचलली,
वायर हातभर कमी.

दिलावरनं काही न बोलता
पिशवीतून एक्स्टेन्शन बोर्ड काढला.
हरेक घरात लागतोय, म्हणाला, म्हणून दोन-चार संगटच ठेवतो.
वरून वायर सोडली, भिंतीच्या कडेनं,
चार फूट सात इंचांची रेघ ओलांडून खाली,
आणि बोर्ड ठेवला
वीतभर उंच पाटावर, त्या भोकापाशीच,
जिथं सिमेंट अजून ओलं होतं.

"पाणी आलं की आदी हे उपटायचं, बरं का."
बरं, म्हटलं.

शालू फुंकरीनं झटकला.
ओलं फडकं लावलं असतं तर लाल बसला असता कायमचा.
शंख बॉबिनच्या डबीत टाकला, का ते माहीत नाही.
दिवेलागणीपर्यंत एक फॉल, दोन ब्लाउज झाले.

उठून बटण बंद करायला
आता हात वर करावा लागतो,
वर्गात उत्तर येत असल्यासारखा.

येत नाही.