उजवा खिसा

बिशप सेवेरिन यांचा झगा
वर्षातून तीनदा माझ्या मशीनवर यायचा,
दर वेळी उजवा खिसा फाटलेला.
"आजगावकर, टाका जरा घट्ट घाला."
घालायचो. खाकीचं अस्तर लावून पाहिलं,
तरी उसवायचा.
वेंगुर्ल्याच्या बाजारात चाळीस वर्षं खिसे शिवतोय,
सुट्ट्या पैशांनी असा कुठलाच फाटत नाही.

माकडतापाच्या साली ते दोडामार्गाकडेच होते,
काजूच्या बागांतून, पायांना तेल चोपडून.
रक्ताच्या नळ्या बर्फात घालून
जीप स्वतःच हाकत बांद्यापर्यंत.
रविवारची मिस्सा दवाखान्याच्या पडवीत,
प्रवचन एवढंच:
"ताप आला तर लपवू नका."

मग बोटातली अंगठी दिसेनाशी झाली.
विकली म्हणे, ऑक्सिजनसाठी.
कोणी आणखी काहीबाही बोललं.
ते हसायचे फक्त.
म्हाताऱ्या बायका रिकाम्या बोटाचंच चुंबन घ्यायच्या,
बोटाला स्पिरिटचा वास.

काल सिस्टर ल्युसिंडा झगा घेऊन आल्या.
"उद्या सकाळी घालायचाय त्यांना."
खालची दुमड जड लागली, उसवली:
थर्मामीटरचं टोपण,
गोळ्यांची अर्धी पट्टी,
कुणा पोराचा दुधाचा दात,
आणि अंगठी.

सिस्टरांच्या तळहातावर ठेवली.
त्यांनी ती पदराला पुसली,
पुन्हा पुसली.
दात मात्र मी परत खिशात टाकला,
कुणाचा ते त्यांनाच ठाऊक.
वर दुहेरी टाका घातला.

हा आता टिकणार.
मशीनचं चाक उगाच जड चाललं.