वळणाचं वजन

होटगी रोडच्या धावपट्टीलगत, पत्र्याच्या शेडमध्ये
सकाळी साडेसहाला मी फळ्यावर तोच त्रिकोण काढतो
जो एकोणीस वर्षं काढत आलोय.
पंचेचाळीस अंश कललात तर भार एक पूर्णांक एक्केचाळीस.
साठ अंशांना, बरोब्बर दोन.
मुलं वहीत उतरवून घेतात.
कशाच्या दोन, ते कुणी विचारत नाही.

शिवगंगा बगले विचारते.
"सर, विमान तेच, पेट्रोल तेवढंच, आत माणसं दोघंच.
मग हे जास्तीचं वजन चढतं कुठल्या स्टेशनवर?"

चल, म्हणतो. वर दाखवतो.

चार हजार फुटांवरून हिप्परग्याचा तलाव
कडेकडेनं आटत गेलेला,
मागे टॉवेल-चादरींच्या कारखान्यांची दातेरी छपरं.
डावीकडे बघितलंस? "बघितलं."
बघितलं म्हणू नकोस. बघ.
आता कलव.

तीस.
पंचेचाळीस. इथं विमान मान टाकायला लागतं
झोप आलेल्या पोरासारखं.
ओढ. पॉवर दे. अजून थोडं ओढ.
साठ.

गाल ओघळतात. हेडफोन डोक्यात रुततो.
मांडीवरचा हात उचल म्हटलं
तर हात म्हणतो, कोण, मी?
छप्पन्न किलोची पोरगी एकशेबारा झालेली
आणि खालची जुनी सीट
काही न बोलता ऐकून घेते.

आता काट्याकडे बघ, मी सांगतो.
सरळ उडताना हे विमान अठ्ठेचाळीसला पडतं,
इथं अडुसष्टला पडेल.
तू हळू झालेली नाहीस.
पडायची जागा वर सरकून तुझ्याजवळ आलीय.

तेवढ्यात भोंगा.
जुन्या मिलच्या भोंग्यावर हे शहर उठायचं म्हणतात,
हा तसला नाही, बारीक,
गड्ड्याच्या जत्रेतल्या पिपाणीसारखा.
ती ओढतच राहते.
सगळेच ओढतात. मीही ओढलं होतं.
"सोड. आधी कल कमी कर, मग ओढ."
तोवर दोनशे फूट गेलेले.

खाली उतरून पंखाच्या सावलीत
ती बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत बसते.
मग म्हणते,
"आमचे अप्पा मार्केट यार्डात हमाल आहेत.
कांद्याची गोणी पाठीवर घेऊन सरळ चालताना
ते माणसांशी बोलतात, उधारी आठवतात, हसतात.
ट्रकच्या फळीवर वळताना मात्र एकदम गप्प.
दोन वर्षांपूर्वी तिथंच कंबर गेली.
डॉक्टर म्हणाले, जास्त उचललं असेल.
अप्पा म्हणाले, गोणी रोजचीच होती ओ,
मी वळलो, म्हणून ती वाढली."

मी काही बोलत नाही.
शेडमध्ये त्रिकोण अजून पुसलेला नाही.

गुरुवारी पुन्हा. वारा जरा बरा.
या खेपेला ती नाक क्षितिजाला शिवून ठेवते,
सुई जागची हलत नाही,
तलाव, चिमण्या, रेल्वेची रेघ, पुन्हा तलाव
आणि वर्तुळ जिथं मिटतं तिथं
खालून एकदम धक्का!
"काय होतं ते?"
तूच.
मघाशी इथून गेलीस ना, ती हवा.
उंची चुकली असती तर भेटली नसती.

एवढं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.
लॉगबुकात लिहिलं: तीव्र वळणं, डावं बरं, उजवं अजून कच्चं.

"सर, लायसन झालं की अप्पांना एकदा वर नेईन."
ने की. सरळच ने पण, वळणं रुंद घे.
आणि वजनाचा तक्ता भरावा लागेल.
किती आहेत ते?

"नुसते," ती विचारते, "की गोणीसकट?"