चाळीस केबी

प्रोग्रॅम फुकट मिळतो, उतरवायला दोन मिनिटं.
उघडला तर आत नुसता काळा चौकोन.
यंत्र मी होतो, म्हणतो,
खेळ तुमचा तुम्ही आणा.

म्हणजे कॉम्प्युटर आता दुसऱ्या एका यंत्राचं सोंग घेणार
आणि सोंगाचं सामान
कुडचड्यात, कायतानच्या बंद घरात.

किल्ली पिएदाद मावशीकडे.
वरच्या फळीवरून तिनं दोन्ही हातांनी काढलं,
टेबलक्लॉथात गुंडाळलेलं.
"व्हर," म्हणाली, "पूण परत हाड."

पिवळं कार्ट्रिज. मागे बॉलपेनने कायतानचं नाव,
त्याचं त्यालाच स्पेलिंग चुकलेलं.

आम्ही त्यात फुंकर मारायचो.
सगळेच मारतात, पण आमच्याकडे कारण होतं:
सावर्ड्याचे खनिजाचे ट्रक दिवसभर,
वाळत घातलेले शर्ट संध्याकाळी विटकरी,
कानात, ताटात, टीव्हीच्या जाळीत तीच पूड.
त्याचा बापूस तारवटी, बाहरीनहून खेळ घेऊन आला,
धूळ इथली.

हल्ली ट्रक तेवढे नाहीत.
कार्ट्रिज उलटं करून टेबलावर आपटलं
तर चिमूटभर तांबडं पडलं.
पुसलं नाही.

रीडरला लावलं. तार, दिवा, सरकणारी हिरवी पट्टी.
सात गुहा, वटवाघळं, शेवटचा तो राक्षस,
दोन मे महिने,
चाळीस केबी.
कार्ट्रिजचा फोटो कायतानला धाडला
तो याच्या साठपट मोठा.

मग कळा नेमायच्या. उडी? विचारतं. मी स्पेस दाबली.
गोळी? झेड.
अंगठ्याला पटेना, तो हवेतच
एक चौकोनी ठोकळा शोधत राहिला.
चित्र फारच स्वच्छ. सेटिंगमध्ये जाऊन
जुन्या टीव्हीच्या आडव्या रेघा मुद्दाम आणल्या.
सेव्हचं बटणही आहे, हवं तिथे थांबा.
तेव्हा वीज जायची
आणि पाचव्या गुहेतून आम्ही थेट डासांत.

रात्रीचे दहा. तिकडे स्विंडनला साडेपाच,
कायतान गोदामातून सुटून जोडला गेला.

त्याचं घर, त्याचा टीव्ही, म्हणून पहिला नेहमी तो.
मी मांडी घालून
तो मरायची वाट बघायचो,
त्याच्याच आईने दिलेली बोलिन्यां खात.

आता यजमान माझा कॉम्प्युटर.
पडद्यावर: खेळाडू एक, आणि पुढे माझं नाव.
खाली त्याचा निरोप:
"आयज तूं पयलो."

सुरू. पहिलाच खड्डा.
कुठून उडी घ्यायची मला तोंडपाठ,
हजारदा पाहिलेली.
पडलो.

आता त्याची पाळी.
मी खुर्चीत पाय वर घेतले
आणि नीट बसलो.