समासात, पेन्सिलनं

पहिल्या निबंधात पेईरोंगनं लिहिलं, वुई थिंक.
बाईंनी 'वुई'भोवती गोल काढला
आणि समासात, पेन्सिलनं, बारीक अक्षरात विचारलं:
वुई म्हणजे कोण?

उत्तर येत नव्हतं असं नाही.
उत्तर लांबलचक होतं.
त्यात दातोंगची चौऱ्याऐंशी बिऱ्हाडांची इमारत होती,
थंडीच्या ठरल्या दिवशी सगळ्या नळ्यांतून एकदमच
खडखडत येणारी ऊब,
जी कुणी एकानं लावायची नसते, विझवायची नसते;
आणि बाबांचं पाकीट,
जे तिच्या तिकिटासाठी तीन आत्यांनी जाड केलं होतं.

तिच्या गावच्या बोलीत शब्द दोन.
एकात समोरचा मांडीला मांडी लावून बसतो,
दुसऱ्यात तो उंबऱ्याबाहेर.
आपण. आम्ही.
इंग्रजीत एकच पोतं.

डनीडिनला जूनमध्ये हाडं गारठतात.
चढावरच्या त्या घरात ऊब खोलीखोलीची,
हीटर ज्याचा त्याचा, बिल ज्याचं त्याचं,
फ्रिजमधल्या अंड्यांवरसुद्धा नावं.
पहिल्या वर्षी तिला हे कद्रूपणाचं वाटलं.
दुसऱ्या वर्षी तिनं आपल्या सहा अंड्यांवर नाव घातलं
आणि त्या रात्री गाढ झोपली.
हे घरी सांगितलं नाही.

घरी सांगितलं ते वेगळंच:
मी बँकेची परीक्षा देणार नाही. मी ठरवलंय.
पलीकडे गॅस बंद केल्याचा खट्ट आवाज.
बराच वेळ काही नाही.
मग आई म्हणाली, जेवलीस का?

सुट्टीत गेली, तेव्हा तिकडे कडाक्याची थंडी.
टेबलाशी सातजण, मामा न विचारता
तिच्या वाडग्यात मासा वाढतोय, वाढतोय.
ती सहज बोलून गेली, तोंडात घास असताना,
'आमच्याकडे आधी विचारतात.'

मामाच्या चॉपस्टिक्स हवेतच राहिल्या.
आईनं हात पुसले.
'आमच्याकडे म्हणजे कुणाकडे गं?'

आईच्या हातात पेन्सिल नव्हती.

पेईरोंग काटे काढत राहिली,
एकेक, ताटलीच्या कडेला.
नळ्या इतक्या तापलेल्या की मानेवर घाम.
उठली, खिडकीशी गेली, थबकली,
मागे वळून म्हणाली, 'उघडू का?'

सगळे हसले. मामा सगळ्यात मोठ्यानं.
आईनं बसल्या जागेवरून हात लांब केला
आणि खिडकी ढकलली.