बाजारभाव

वाचनालयातल्या मुलाणी बाईंनी
शिक्का मारता मारता हात थांबवला.
"जड आहे हं. रात्री नका वाचू."
मी रात्रीच वाचते.
दिवसा वेळ कुणाला असतो.

हरिपूरला, आईच्या खाटेशेजारी,
चाळीसचा पिवळा दिवा,
आणि कादंबरीतला सभापती
बाविसाव्या पानावर शाळेच्या खोल्यांची फीत कापतो
(छतात सिमेंट कमी, हारात झेंडू जास्त),
घरी येऊन कमरेचा पट्टा सोडतो.
लेखक दोन्ही एकाच वाक्यात सांगतो,
मध्ये नुसता स्वल्पविराम.
त्या स्वल्पविरामापाशी मी बराच वेळ बसले.

आमचे दादा सभापती नव्हते.
यार्डात मापाडी होते.
हळदीच्या पोत्यामागं दोन किलो काट
सगळेच धरायचे, पावतीवर.
तिसरा किलो पावतीवर नसायचा,
तो अंगठ्यात असायचा,
काट्याच्या दांडीवर हलकेच टेकलेल्या,
आणि संध्याकाळी पाकिटातून
संचालकांच्या बंगल्यावर जायचा.
तिथून पुढं कुठं, आम्हाला ठाऊक नाही.
कादंबरीला ठाऊक आहे.
नव्वदाव्या पानापासून सगळं आलंय.

दादांचा अंगठा कायम पिवळा.
आईच्या दंडावर कधी कधी
तोच रंग उमटलेला असायचा.
आम्हाला वाटायचं, हळद लावलीय.

लहानपणी पेव उघडताना पाहिलंय मी.
तोंडावरची माती काढली की लगेच उतरत नाहीत.
हमाल कडेला विड्या ओढत बसतात,
आतली कोंडलेली हवा जाऊ देतात,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात.
विझला, तर अजून थांबायचं.
मी पुस्तक छातीवर पालथं घालते.
थांबते.
पुन्हा उचलते.

एक गोष्ट मात्र त्यानं लिहिली नाही:
दुसऱ्या दिवशी घरी येणारा भडंगाचा पुडा.
सगळ्यांना सारखा वाटलेला,
त्यातले शेंगदाणे निवडून
आईसाठी वेगळ्या वाटीत.
त्या वाटीवर एक अख्खं प्रकरण हवं होतं.

"काय वाचतीस गं एवढं?"
"गोष्ट."
"कुणाची?"
"एका पुढाऱ्याची."
"वाच की मोठ्यानं."

वाचलं. का वाचलं, माहीत नाही.
भांडी पडतात, बाई किंचाळते,
शेजारची दारं उघडतात
आणि लगेच बंद होतात.
आई आढ्याकडं बघत ऐकत होती,
बोटाला गोधडीचा सुटलेला दोरा गुंडाळत.
मग म्हणाली,
"एवढा आवाज न्हाई होत.
आधी रेडिओ मोठा करायचा असतोय."

संध्याकाळचे बाजारभाव. सांगली केंद्र.
राजापुरी हळद, क्विंटलला इतके.
गूळ, एक नंबर, दोन नंबर.
बेदाणा हिरवा, बेदाणा पिवळा.
आम्ही तिघं भावंडं अंगणात
पाढे म्हणावेत तसे ते भाव म्हणायचो,
पुढचा माल कुठला, कोण आधी सांगतंय,
चिंचोक्यांची पैज लावून.
आतून आवाज अजून वाढला
की धाकटा म्हणायचा,
दादांना कमी ऐकू येतं वाटतं.
मी हसायचे.
नक्की आठवतं, मी हसायचे.

"त्यो सभापती
पुन्हा निवडून येतोय का?"
मी पुढची पानं चाळली.
येतो. बिनविरोध.
"मग बरोबर लिवलंय,"
आई म्हणाली, आणि भिंतीकडं कूस वळली.

सोमवारी पुस्तक परत द्यायचंय.
मुलाणी बाई विचारतील, कसं वाटलं.
अजून अठ्ठेचाळीस पानं आहेत.
दिव्याच्या बटणाकडं हात गेला होता,
तो मागं घेतला.