साखर नसलेली वडी

रोज सकाळी सव्वासहाला
बाबा बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीचा जिना उतरतात
आणि पार्किंगमधून खाऱ्या उठून येतो.
खारीच्या रंगाचा, एक कान कायमचा दुमडलेला.

बाबांचं गोड बंद झालं त्याला चार वर्षं झाली.
तेव्हापासून ते दुसऱ्यांना गोड देतात.
वॉचमन ढमाल्यांच्या नातीला लिमलेटची गोळी,
पेपरवाल्याला उरलेला अनारसा,
आणि खाऱ्याला दोन बिस्किटं, मोडून, एकेक तुकडा,
तो चावताना स्वतःचा जबडा किंचित हलवत.

मी म्हणायचे, कुत्र्याला साखर चांगली नाही.
ते म्हणायचे, मलाही नाही. पण त्याला तुझ्यासारखी मुलगी नाही.

मग परदेशातून भाचा आला, वड्यांचा डबा घेऊन.
मामा, खुशाल खा, साखरेचा कण नाही यात.
बाबांनी एक खाल्ली, डोळे मिटून.
दोन हातरुमालात बांधल्या.
तीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस:
साखर वाईट.
यात साखर नाही.
म्हणून हे खाऱ्याला चालेल.
हेच सिद्ध करायचे होते.

अर्ध्या तासात खाऱ्या झिंगल्यासारखा चालू लागला,
ओकला,
आणि पाटसकरांच्या स्कूटरखाली आडवा झाला.

रिक्षावाला म्हणाला, कुत्रं नाही घेत.
मग त्यानं बाबांचे पाय पाहिले,
एकात चप्पल, एक अनवाणी.
बसा, म्हणाला.

सहकारनगरला डॉक्टर तांबोळींनी विचारलं, काय खाल्लं यानं?
बाबांनी खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला,
वर्गात चिंचा सापडलेल्या पोरासारखा.
चुरा. थोडा बदामी, थोडा पांढरा.
मी घरी फोन लावला, वहिनी डब्यामागची बारीक अक्षरं
अडखळत वाचत गेली,
झायलिटॉलपाशी डॉक्टरांनी हात वर केला. बास.

माणसाला चालतं हो हे, ते शीर शोधता शोधता बोलत होते,
कुत्र्याचं शरीर मात्र फसतं.
साखर आली समजून इन्सुलिन सोडत सुटतं
आणि होती ती साखरही जाते.
यंत्र आमच्या घरी आहे तसलंच, तसलीच पट्टी.
अडतीस.

माझी सकाळी दोनशे बारा होती,
बाबा म्हणाले, कुणालाच नाही.
आणि मी पाहिलं, त्यांनी सदऱ्याची बाही
कोपरापर्यंत वर सरकवली होती.
मग कुणी बघत नाही ना, बघून
हळूच खाली केली.

बाटली कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगली.
ग्लुकोज थेंब थेंब उतरत राहिलं.
इतकी साखर, इतक्या उघडपणे, त्या घरात आलेल्या कुणी
चार वर्षांत पाहिली नव्हती.

यकृताचं उद्या कळेल, डॉक्टर म्हणाले, परवाही बघू.
चॉकलेट नको. द्राक्षं नकोत. मनुका तर नकोतच.
शिऱ्यातल्या? बाबांनी विचारलं.
शिऱ्यातल्याही.
बाबा गप्प. सत्यनारायणाचा द्रोण मला आठवला,
त्यांनाही आठवला असणार.
आणि साधं बिस्किट?
त्यानं मरणार नाही, डॉक्टर हात पुसत म्हणाले,
पण त्याला त्याची गरज नाहीये, काका.
गरज कुणाला आहे ते तुम्ही बघा.

पाचव्या दिवशी खाऱ्या पार्किंगमध्ये परतला,
पुढच्या पायावर केस कापलेला चौकोन घेऊन.

आता बाबा ज्वारीच्या भाकरीचा तुकडा नेतात.
तो हुंगतो, खातो, उपकार केल्यासारखा.
मग नाक थेट खिशाला.
बाबा खिसा उलटा करून दाखवतात,
पांढरं अस्तर, एक सुटलेला दोरा,
बघ, काही नाही.

खाऱ्या अस्तर हुंगत राहतो.
बाबाही हात मागे घेत नाहीत.